निशिगंधाला पात भरपूर, दांडा मात्र येत नाही

प्रश्न गोव्यातल्या साखळी गावच्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: तीन वर्षांपूर्वी मावशीने निशिगंधाचे कंद दिले. काही अंगणात चिऱ्यांच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, कुंपणालगत लावले, काही गॅलरीतल्या कुंड्यांत. पहिल्या वर्षी जवळजवळ प्रत्येक कंदाला दांडा आला. दुसऱ्या वर्षी फुलं निम्म्यावर आली. यंदा पावसाळ्यात नुसती हिरवीगार पात, आणि जे दोन दांडे आले त्यांच्या कळ्या उमलायच्या आधीच तपकिरी पडल्या. शेजारी म्हणतात युरिया घाल, कुणी कांद्याच्या सालींचं पाणी घालायला सांगतं, घरची माणसं म्हणतात उपटून टाक आणि स्पायडर लिली लाव. शिवाय दोन छोटे प्रश्न आहेत: डबलच्या, म्हणजे पाकळ्यांचे जास्त थर असलेल्या जातीच्या, फुलाला वास कमी का, आणि फुलांचे दांडे रात्री झोपायच्या खोलीत ठेवावेत का.

ताई, तुम्ही विचारलंय ‘खत कमी पडतंय का?’ तुमच्या वर्णनावरून मला तसं वाटत नाही. खत कमी पडलेली पात पिवळट, आखूड असते; तुमची हिरवीगार आहे. पहिल्या वर्षी सगळी फुलं, दुसऱ्या वर्षी निम्मी, तिसऱ्या वर्षी जवळपास शून्य, ही उतरंड फोंडा तालुक्यात माझ्याकडे कंद न्यायला येणाऱ्या निम्म्या घरांत ऐकू येते. बहुतेक वेळा तिचं कारण एकच निघतं: कंद तीन वर्षांत एकदाही वर काढलेले नसतात. तुमच्या बाबतीत त्यात सावली आणि पाणी यांचाही वाटा असू शकेल. ते जागा न बघता सांगता येणार नाही, पण कसं ओळखायचं ते पुढे लिहितो.

आधी हे झाड फुलतं कसं ते बघू, म्हणजे बाकीचं आपोआप लक्षात येईल. निशिगंधाचा एक कंद आयुष्यात एकदाच फुलतो. त्याच्या मधल्या कोंबातून आधी पाती निघतात, मग तोच कोंब दांडा होऊन वर येतो. दांडा आला की त्या कंदाचं काम संपलं. पण तोपर्यंत त्याच्या कडेने पिल्लं सुटलेली असतात आणि पुढची फुलं त्यांच्याकडून यायची असतात. आता पिल्लू म्हणजे छोटा कंदच. तो सोललेल्या सुपारीएवढा, म्हणजे साधारण २ ते ३ सेंटीमीटर जाडीचा झाला की दांडा द्यायची ताकद त्याच्यात येते. दीड सेंटीमीटरच्या आतला कंद पाती देतो, फूल देत नाही.

एका कंदाला वर्षाला डझनभर किंवा त्याहून जास्त पिल्लं सुटतात. दोन वर्षांत एका जागी केवढी गर्दी होते बघा. सगळ्यांना तीच मूठभर माती, तेच पाणी, तोच उजेड. प्रत्येकजण थोडं थोडं वाढतो आणि कुणीच सुपारीएवढा होत नाही. वरून बघणाऱ्याला मात्र झुपका दाट दिसतो आणि वाटतं झाड जोमात आहे. अशा झुपक्याला युरिया दिला तर पात अजून लांब आणि लुसलुशीत होते, कंद आहे तेवढाच राहतो. म्हणून शेजाऱ्यांचा सल्ला तूर्त बाजूला ठेवा. कांद्याच्या सालींच्या पाण्याने बिघडत काही नाही, पण गर्दीवर ते औषध नव्हे.

खात्री करून घ्यायची असेल तर एक झुपका कडेने कुदळ लांब लावून मुळांसकट उचला आणि झटका. मधोमध वाळलेल्या दांड्याचा बुंधा असलेला जुना कंद असेल, त्याच्याभोवती चिकटलेली पिल्लं असतील. बहुतेक पिल्लं करंगळीच्या पेराहून लहान निघाली तर निदान झालं. निम्मीअधिक सुपारीएवढी असूनही फुलली नसतील, तर मात्र दोष जागेचा आहे.

जागेकडे वळू. निशिगंधाला दिवसाचं निदान सहा तास थेट ऊन लागतं. तुम्ही लिहिलंय की कुंपणाजवळ आंब्याचं आणि दोन माडांचं झाड आहे. तीन वर्षांपूर्वी तिथे किती ऊन होतं आणि आज किती आहे, हे एकदा सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि तीनला उभं राहून बघा. आपल्याकडे झाडं वाढतात आणि आपण रोज बघत असल्यामुळे सावली कधी पुढे सरकली ते कळत नाही. कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, सावलीत अनंत फुलेल, निशिगंध नाही. गॅलरीचंही तेच. पूर्वेच्या गॅलरीत सकाळचे तीन तास ऊन मिळत असेल तर झाड जगेल, दांडा देईलच असं नाही.

दुसरं पाणी. गोव्यात किनाऱ्याला वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तुमच्या बाजूला, सत्तरी तालुक्याकडे सरकत जावं तसा वाढत जातो, आणि त्यातला जवळपास सगळा जून ते सप्टेंबरच्या चार महिन्यांत. निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. मिरची, काजू, अननस यांच्यासारखाच तोही अमेरिकेतून इकडे आलेला. त्याला पाऊस चालतो, वाढीच्या दिवसांत भरपूर पाणीही लागतं, पण मुळाशी साचलेलं पाणी अजिबात सोसत नाही. त्यात घर कौलारू असेल आणि वाफा पागोळ्यांच्या खाली आला असेल, तर तो संपलाच. मी जाऊन पाहिलेल्या घरांत सगळ्यात जास्त सडलेले कंद पागोळ्यांच्या ओळीत सापडतात. लोकांना तिथे वाफा करावासा वाटतो, कारण भिंतीलगतची ती पट्टी मोकळी असते. ती पट्टी स्पायडर लिलीला द्या.

स्पायडर लिलीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. घरच्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पण ती लिली, पावसाच्या पहिल्या सरींनंतर उगवणारी छोटी पांढरी पावसाळी लिली, आणि समुद्राकाठी वाळूत वाढणारं, बरेच जण सुदर्शन म्हणतात ते मोठ्या पानांचं झाड, या तिघी एका घरातल्या. त्यांचा कंद दरवर्षी फुलतो, संपत नाही. स्पायडर लिली तर ओल्या जागेतही तग धरते. त्यांच्याकडे बघून आपण निशिगंधाकडून तशीच अपेक्षा ठेवतो आणि तिथे गणित चुकतं. त्या सोडून दिल्या तरी चालतात, निशिगंध उचलावाच लागतो. या लिल्यांच्या कंदात लायकोरीन नावाचं विषारी द्रव्य असतं, म्हणून गुरांच्या आणि लहान मुलांच्या वाटेवर त्यांचे कंद उघडे टाकू नका, आणि स्वयंपाकघरातल्या कांद्यांशेजारी तर मुळीच ठेवू नका.

आता करायचं काय. मी जे वेळापत्रक सांगतोय ते माझ्या अनुभवाचं आणि गोव्याच्या पावसाचं आहे. घाटावर लागवड मार्च-एप्रिलमध्ये करतात, कारण तिथे पाऊस उशिरा आणि बेताचा. आपल्याकडे तसं केलं तर दांडे नेमके जुलैच्या झडीत वर येतात आणि कळ्या कुजतात. लागवडीपासून पहिला दांडा यायला साधारण तीन ते साडेतीन महिने लागतात. म्हणून मी दोन वेळा धरतो. एक, मे महिन्याच्या मध्यावर: पावसाआधी कंद रुजतो, पावसाळ्यात पात वाढते, आणि दांडे चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, सुमाराला येतात, तोपर्यंत पावसाचा जोर ओसरू लागलेला असतो. चवथ कधी ऑगस्टमध्ये येते, कधी सप्टेंबरमध्ये, त्यामुळे अगदी पूजेच्या दिवशी फूल मिळेल याची हमी नाही. दोन, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, पाऊस परतल्यावर: याची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि पावसाचा डाग नसल्यामुळे जास्त स्वच्छ असतात. उत्तरेकडे थंडीत हे झाड थांबतं. आपल्याकडे थंडी नावापुरतीच, त्यामुळे दुसरी लागवड जमते. गॅलरीवाल्यांनी तर दुसरीच धरावी असं माझं मत.

आता जानेवारी चालू आहे, म्हणजे तुम्हाला वेळ पुरेसा आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून पाणी हळूहळू तोडा. थंडीच्या मुलखात पात आपोआप पिवळी पडते. गोव्यात रोज पाणी मिळालं तर ती बाराही महिने हिरवी राहते आणि कंदाला विश्रांतीच मिळत नाही. ती आपल्यालाच द्यावी लागते. पाणी तोडल्यावर तीन-चार आठवड्यांत पात सुकू लागते. या काळात एक मोह टाळा: हिरवी पात कोयत्याने छाटायचा. चवथीआधी किंवा तुळशीच्या लग्नाआधी अंगण साफ करताना ‘फुलं संपली, आता हे गवत काढा’ म्हणून पात कापलेली मी कितीतरी घरांत बघतो. फुलं गेल्यावर पात जे अन्न तयार करते तेच पिल्लांच्या कंदात साठतं. ती पात कापणं म्हणजे पुढच्या वर्षीचा दांडा कापणं. स्वतःहून वाळेपर्यंत तिला हात लावू नका. फक्त फुलून गेलेला दांडा बुडाशी कापा.

मार्चच्या शेवटी कंद काढा. झुपका उचलून माती झटका, धुवू नका. पिल्लं हाताने अलग करा, सुरी शक्यतो नको, कारण जखमेतून कूज शिरते. जुना, दांडा येऊन गेलेला, सुकून पोकळ झालेला कंद टाकून द्या. बाकीचे तीन ढिगांत वाटा. सुपारीएवढे आणि त्याहून मोठे: हे फुलांसाठी. एक ते दीड-दोन सेंटीमीटरचे: हे वेगळ्या ओळीत, एक वर्ष नुसते पोसायला. त्याहून बारीक: जागा असेल तर तेही त्याच ओळीत, नाहीतर खतात. इथे बऱ्याच जणांचा जीव अडकतो. मावशीने दिलेले कंद टाकायचे कसे, म्हणून सगळेच पुन्हा त्याच वाफ्यात जातात आणि गर्दीचं चक्र पुन्हा सुरू होतं. मधल्या ढिगातले शेजाऱ्यांना वाटा, पण देताना पहिल्या वर्षी फूल येणार नाही हेही सांगा, नाहीतर पुढच्या चवथीला तुमच्याकडेच विचारणा होईल.

काढलेले कंद चार ते सहा आठवडे सावलीत, वारं खेळेल अशा ठिकाणी बांबूच्या टोपलीत किंवा गोणपाटावर एका थरात पसरून ठेवा. ही विश्रांती चुकवू नका. लगेच परत लावलेल्या कंदापेक्षा विश्रांती मिळालेला कंद एकसारखा रुजतो आणि दांडेही जवळपास एकाच वेळी देतो. चार-पाच दिवसांनी एकदा परतून घ्या, मऊ पडलेले किंवा बुरशी धरलेले वेचून काढा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवलेले कंद मेच्या दमटपणात हमखास सडतात.

दरम्यान वाफा तयार करा. आपली लाल माती चिऱ्याच्या दगडापासून झालेली, आंबट, म्हणजे आम्लधर्मी. तिचा सामू (पीएच) बहुधा ५ ते ६ च्या दरम्यान असतो. निशिगंधाला साडेसहा ते साडेसातच्या आसपासची माती मानवते. जमलं तर मातीची तपासणी करून घ्या. कृषी खात्यामार्फत ती होते, आणि जुने गोवे इथल्या एला गावात केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, तिथेही चौकशी करता येईल. तपासणी होईपर्यंत थांबायचं नसेल तर चौरस मीटरला दोनेकशे ग्रॅम डोलोमाइट किंवा शिंपल्यांच्या चुन्याची पूड मातीत मिसळा, पण शेणखत घालायच्या निदान दोन आठवडे आधी. चुना आणि ताजं शेणखत एकत्र आलं की त्यातलं नत्र अमोनिया होऊन उडून जातं.

या मातीची आणखी एक खोड आहे. तिच्यात लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर, आणि ते स्फुरदाला (फॉस्फरसला) धरून बसतात, मुळांना मिळू देत नाहीत. कंद भरायला आणि मुळं सुटायला तर स्फुरद हवाच. म्हणून तो वाफ्यावर फेकू नका. हाडांचं खत किंवा रॉक फॉस्फेट शेणखतात मिसळून कंदाच्या खालच्या थरात द्या. आंबट मातीत ते हळूहळू विरघळत राहतं, म्हणजे मातीचा दोष इथे थोडा कामीच येतो. पालाशासाठी (पोटॅशसाठी) चुलीतली राख चालते, मात्र चुना घातला असेल तर राख मूठभरच. नत्र एकदम द्यायचं नाही. पावसाळ्यात पाण्याबरोबर ते खाली निघून जातं, तेव्हा उघाड बघून थोडं थोडं, दांडा दिसायला लागेपर्यंत. त्यानंतर पात वाळेपर्यंत जे लागेल ते शेणखताच्या पाण्याने भागतं.

वाफा जमिनीपासून वीतभर तरी उंच करा. कडेला चिरे रचलेत तर पावसात खचत नाही, फक्त खाली पाणी जायला फट ठेवा. कुंडीसाठी दोन भाग माती, एक भाग शेणखत आणि एक भाग रेती असं मिश्रण मी वापरतो. गोव्यात हल्ली रेती मिळणं कठीण झालंय, तर चिऱ्याचा जाडसर चुरा किंवा भाताचं तूस चालेल. किनाऱ्यावरची रेती आणू नका, तिच्यात मीठ असतं. नारळाच्या सोडणांचा भुसा (कोकोपीट) सगळेच सुचवतात, पण तो पाणी धरून ठेवतो. उन्हाळ्यात तो फायद्याचा, जुलैत मात्र नाही. उघड्यावरच्या कुंडीत तो थोडाच घाला.

कंद लावताना टोक वर, आणि त्यावर पाचेक सेंटीमीटर माती. दोन कंदांत वीतभर अंतर ठेवा. तीस सेंटीमीटरच्या कुंडीत तीन कंद, फार तर चार. रिकामी दिसली तरी हरकत नाही, वर्षभरात ती भरणार आहे. लावल्यावर एकदा पाणी, मग कोंब दिसेपर्यंत माती नुसती ओलसर. कोंब यायच्या आत रोज पाणी घालणं हे कंद सडवायचं सगळ्यात सोपं साधन आहे. पुढे दर दुसऱ्या वर्षी, कुंडीत दरवर्षी, हे सगळं पुन्हा करायचं. त्यातून सुटका नाही.

तपकिरी पडलेल्या कळ्यांबद्दल. याची तीन कारणं माझ्या डोळ्यांसमोर आहेत आणि फोटोशिवाय त्यातलं एक निवडणं बरोबर होणार नाही. सतत पाऊस असेल आणि कळ्यांच्या टोकांना, बाहेरून कागदासारखे तपकिरी डाग असतील, खालचा दांडा मात्र हिरवा निरोगी असेल, तर ती पावसाची कूज. दांडा आडोशाला बांधा किंवा कळी फुटताच कापून घरात आणा. कळ्यांवर रुपेरी-तपकिरी रेघा असतील, फुलं वाकडी उमलत असतील, आणि पांढऱ्या कागदावर कळी झटकल्यावर बारीक सरपटणारे किडे पडत असतील, तर ते फुलकिडे, म्हणजे थ्रिप्स. ते कोरड्या दिवसांत जास्त. निळे चिकट सापळे आणि संध्याकाळी निंबोळी तेलाची फवारणी, घरगुती पातळीवर एवढं पुरतं.

तिसरं कारण काळजीचं. दांडाच खरखरीत, वाकडा, त्यावर तपकिरी रेषा, कळ्या एकही न उमलता वाळलेल्या, असं दिसलं तर तो पानांत राहणारा सूत्रकृमी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा बारीक जंत, असू शकतो. हाच जीव भाताच्या पात्यांची टोकं पांढरी पाडतो. पश्चिम बंगाल आणि ओडिशात निशिगंधाच्या शेतकऱ्यांना त्याने चांगलंच सतावलंय. तुमच्याभोवती भातशेती आहे, तेव्हा असं झुडूप सापडलं तर कंदासकट जाळा, शेतात किंवा खताच्या खड्ड्यात टाकू नका, आणि त्या झुपक्याची पिल्लं कुणालाही देऊ नका.

कंद काढताना मुळंही तपासा. मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर मुळांवरचा सूत्रकृमी आहे, तो वेगळा. यात झाड मरत नाही, खुरटतं, आणि पाणी घालूनही दुपारी मलूल दिसतं. तिथे निदान एक वर्ष निशिगंध लावू नका, मिरची-वांगी-भेंडीही नको. दाट झेंडू लावा आणि तो फुलून गेल्यावर मुळांसकट तिथेच गाडा. नवीन कंद लावताना निंबोळी पेंड घाला. आणि पावसाळ्यात जमिनीलगत पातीच्या बुडाशी पांढरी बुरशी आणि तिच्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले, तर ती खोडकूज. सुरणाचा आणि मिरचीचा बुंधा कुजवणारी बुरशी हीच. ते झुडूप आजूबाजूच्या ओंजळभर मातीसकट उचलून बाहेर काढा, दाणे मातीत पडू देऊ नका. शेणखतात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मुरवून लागवडीआधी घातलं तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. औषधाचा खर्च करायच्या आधी मात्र पाणी कुठे साचतंय ते शोधा.

मध्येच एकदा उजळणी करतो, कारण बरंच लिहून झालं. फेब्रुवारीत पाणी तोडा, मार्चअखेर काढा, निवडा, सुकवा, मेच्या मध्यावर उंच वाफ्यात, उन्हात, पागोळ्यांपासून दूर लावा. युरिया नको. आता उरलेले दोन प्रश्न.

डबलला वास कमी असतो हे खरं आहे. निशिगंध रात्री उडणाऱ्या पतंगांसाठी फुलतो. पांढरा रंग, लांब नळी आणि संध्याकाळनंतर वाढणारा वास हे सगळं त्यांच्यासाठीच. डबल जातींत पाकळ्यांचे थर वाढवताना दिसण्यावर भर दिला गेला, सुगंध मागे पडला. म्हणून अत्तराचा अर्क सिंगल फुलांचाच काढतात. गोव्यासाठी मी सिंगलच सुचवतो, आणि त्याला वासाखेरीज दुसरंही कारण आहे: डबलच्या पाकळ्यांत पावसाचं पाणी अडकतं, फूल जड होतं आणि दमट हवेत कित्येकदा पूर्ण उमलत नाही. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेच्या सिंगल जातींपैकी शृंगार आणि प्रज्वल रोपवाटिकांत मिळतात. प्रज्वलच्या कळीला गुलाबी छटा असते. शृंगार मुळांवरच्या सूत्रकृमीला बऱ्यापैकी सोसते, गाठी निघाल्या तर तिचा विचार करा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले रजनी हीदेखील सिंगल. सुवासिनी ही डबल, फुलदाणीत सुरेख दिसते. मावशीचे कंद कुठल्या जातीचे हे फुलं बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, पण जुन्या घरांतून फिरणारे बहुतेक कंद साध्या सिंगलचे असतात.

वासाचा पुरेपूर आनंद घ्यायचा तर दांडा कधी कापता याला महत्त्व आहे. खालची दोन-तीन फुलं उमलली की, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर कापा आणि लगेच पाण्यात ठेवा. फुलं खालून वर उमलत जातात. रोज सुकलेली काढा, दोन दिवसांनी दांड्याचं टोक तिरकं छाटा, पाणी बदला. आठवडाभर तरी दांडा टिकतो. निशिगंधाचं फूल झाडावरून तोडल्यावरही वास तयार करत राहतं. हाच गुण जाईजुईच्या घराण्यातल्या फुलांतही आहे, आणि फ्रान्समधल्या ग्रास गावात पूर्वी या दोन्ही फुलांचा सुगंध चरबीच्या थरावर फुलं पसरून दिवसभर शोषून घेत ते यामुळेच. म्हणून देवाला वाहायची फुलं सकाळी कळीतच खुडली तरी संध्याकाळच्या आरतीला घर भरून जातं. फातीत, म्हणजे केसांत माळायच्या गजऱ्यात, अबोलीच्या मध्ये दोन-दोन निशिगंध ओवून बघा. म्हार्दोळच्या जायांची, म्हणजे तिथल्या जाईच्या फुलांची, सर येणार नाही, पण जाया वर्षभर कुठे मिळतात?

झाड कुठे लावावं यालाही थोडा विचार आहे. किनाऱ्यालगतच्या घरांत दिवसा वारा समुद्राकडून येतो आणि रात्री उशिरा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. निशिगंध घराच्या पूर्वेला असेल तर रात्रीचा वास खिडकीतून आत येतो, पश्चिमेला असेल तर शेजाऱ्यांना मिळतो. साखळीत समुद्र लांब आहे, तिथे हा नियम तसाच लागू होणार नाही. तुमच्याकडे रात्रीचा वारा बहुधा डोंगराकडून नदीकडे उतरतो. दोन संध्याकाळी सोप्यावर (ओसरीवर) बसून उदबत्तीचा धूर कुठे जातो बघा आणि वाफा त्याप्रमाणे ठरवा, ऊन पुरेसं असेल तरच.

झोपायच्या खोलीचं विचाराल तर झाडं रात्री प्राणवायू खातात ही भीती मनातून काढा. चार दांडे जेवढा प्राणवायू घेतात तो खोलीतल्या एका माणसापुढे नगण्य आहे. पण बंद खोलीत, पंखा-एसी लावून, तीन-चार सिंगलचे दांडे ठेवले तर वास इतका दाटतो की अनेकांचं डोकं चढतं, आणि अर्धशिशी किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी तर ते टाळावंच. एक दांडा उघड्या खिडकीशी, बाकीचे सोप्यावर. घरात कुणाला वास नकोसा वाटत असेल तर डबल लावा, तो तिथे उपयोगी पडेल.

मार्चमध्ये कंद काढाल तेव्हा एका झुपक्याचा मुळांसकट फोटो काढा, आणि मोठ्यातला एक कंद उभा चिरून त्याचाही. आत पांढराशुभ्र, घट्ट असेल तर मेमध्ये बिनधास्त लावा. तपकिरी वलय किंवा पाणथळ डाग दिसले, किंवा मुळांवर गाठी निघाल्या, तर लावायच्या आधी मला दाखवा. मग जागा बदलायची की कंदच नवे आणायचे ते बघू.